जुन्या मँडोलिनची परीक्षा: अस्सलता, नाद व मोल

(१)

जुन्या कागदाची परीक्षा करणाऱ्यास तीन प्रश्न नेहमीं वेगळे ठेवावे लागतात. कागद म्हणतो त्या काळचा व त्या हातचा आहे काय, हा पहिला. त्यांतील मजकूर खरा आहे काय, हा दुसरा. आणि बाजारांत त्यास कोण काय देईल, हा तिसरा. अस्सल पत्रांत खोटी बातमी असूं शकते. मागाहून उतरलेल्या नकलेंत खरी असूं शकते. आणि ज्या चिटोऱ्यास संग्राहक मोठी रक्कम मोजतो त्यांत इतिहासाचें कांहींच नसावें, असेंहि घडतें. हा विवेक दप्तरांत वावरणारांच्या अंगवळणीं पडलेला आहे. जुन्या वाद्यांच्या बाबतींत मात्र हे तीनहि प्रश्न एकमेकांत गुंतविले जातात. नाद गोड आहे म्हणून वाद्य जुनें, जुनें आहे म्हणून अस्सल, आणि अस्सल आहे म्हणून मोलाचें, अशी साखळी सर्रास ऐकूं येते. ती कोठें कोठें तुटते तें मँडोलिन ह्या एका वाद्याच्या आधारें दाखवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मँडोलिन निवडण्यास कारण आहे. ह्या वाद्याच्या एका अमेरिकन मालिकेवर सही, तारीख व अनुक्रमांक हीं तीनहि चिन्हें एकत्र सांपडतात. त्यामुळें पत्रपरीक्षेचे नियम तेथें जवळजवळ जसेच्या तसे लावून पाहतां येतात.

(२)

प्रथम वाद्याचा परिचय. मँडोलिनला आठ तारा, म्हणजे तारांच्या चार जोड्या असतात. जोडीच्या दोन्ही तारा एकाच स्वरांत मिळवितात, व लगतच्या जोड्यांत पंचमाचें अंतर ठेवतात. अर्थात् स्वरमेळ व्हायोलिनचाच; परंतु वादन गजानें नसून नखीनें. नखीच्या आघाताचा स्वर लवकर विरतो, म्हणून तो लांबविण्यासाठीं नखी वेगानें खालींवर फिरविण्याची रीत आहे. आपल्याकडे हें वाद्य चित्रपटसंगीतामुळें कानांवर आलें. लक्ष्मीकांत-प्यारेलाल ह्या जोडीपैकीं लक्ष्मीकांत कुडाळकर (१९३७–१९९८) हे मूळचे मँडोलिनवादक होते. दक्षिणेंत उ. श्रीनिवास (१९६९–२०१४) ह्यांनीं त्यावर कर्नाटक संगीत वाजवून दाखविलें. परंतु जुन्या वाद्यांच्या परीक्षेचें शास्त्र वाढलें तें इटली व अमेरिका ह्या देशांत. म्हणून पुढील विवेचन तेथल्याच वाद्यांविषयीं आहे.

आज परिचित असलेला इटालियन घाट अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास नेपल्स शहरांत स्थिर झाला. त्यांत विनाच्या घराण्यांतील कारागीर अग्रेसर होते. लांकडाच्या अरुंद फाळी एकमेकींस सरसानें जोडून केलेली खोल, फुगीर पाठ आणि घोडीच्या मागें किंचित् खालीं वांकविलेली तबली हीं ह्या घाटाचीं लक्षणें होत. पुढें एकोणिसाव्या शतकांत ह्याच घराण्यांतील पास्क्वाले विनाच्या ह्यानें पोलादी तारांस सोसेल असा घाट सिद्ध केला. त्याच शहरांत राफाएले कालाचे (१८६३–१९३४) हा स्वतः वादक, रचनाकार व कारागीर असा तिहेरी अधिकारी पुरुष होऊन गेला. रोम येथील लुइजी एम्बर्गर ह्याचीं वाद्येंहि जाणते लोक फार मानतात.

अमेरिकेंत ह्या वाद्याचा प्रसार झाला त्याची हकीकत संशोधकांस रुचेल अशी आहे. १८८० सालीं स्पेनमधील तरुण वादकांचा एक ताफा विद्यार्थ्यांचा वेष घेऊन न्यूयॉर्क येथें उतरला व अतिशय लोकप्रिय झाला. त्यांच्या हातीं होतें तें वाद्य मँडोलिन नव्हे, तर बांदूरिया नांवाचें स्पॅनिश वाद्य. ती लोकप्रियता पाहून तेथल्या इटालियन वादकांनीं तसाच वेष धारण केला, हातीं मात्र आपलें मँडोलिन घेतलें, आणि स्पॅनिश विद्यार्थी म्हणून लोकांपुढें आले. लोकांना भेद कळला नाहीं. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचें प्रकरण ज्यांनीं वाचलें आहे त्यांस वेषावरून ओळख पटविण्याचा धोका निराळा सांगावयास नको. अमेरिकेंतील मँडोलिनच्या वेडाचा उगम असा एका तोतयेगिरींत आहे; पण त्या वेडांतून जीं वाद्यें निर्माण झालीं तीं मात्र खरीं व कांहीं अत्युत्तम निघालीं. उगम व गुण ह्यांचा संबंध किती शिथिल असतो ह्याचें हें पहिलें उदाहरण.

(३)

ऑर्व्हिल गिब्सन (१८५६–१९१८) हा मिशिगन प्रांतांतील कॅलामझू गांवीं राहून वाद्यें घडवीत असे. फाळींची पाठ टाकून देऊन तबली व पाठ हीं दोन्ही व्हायोलिनप्रमाणें जाड लांकडांतून कोरून काढावीं, ही त्याची कल्पना. १ फेब्रुवारी १८९८ रोजीं त्यास तिचें पेटंट मिळालें. १९०२ सालीं त्याच गांवच्या व्यापाऱ्यांनीं त्याच्या नांवानें मंडळी स्थापन केली, व कोरीव मँडोलिन कारखान्यांतून बाहेर पडूं लागलें.

१९१९ सालीं ह्या मंडळींत लॉइड लोअर (१८८६–१९४३) हा वादक व ध्वनिशास्त्राचा अभ्यासक नोकरीस लागला. त्याच्या देखरेखीखालीं १९२२ सालीं एफ-५ नांवाचा नमुना निघाला. तबलीच्या मध्यभागीं असलेल्या लंबवर्तुळाकार छिद्राच्या जागीं व्हायोलिनसारखीं दोन वक्र छिद्रें, तबलीखालीं दोन लांबट पट्ट्या, अधिक लांब मोकळी दांडी आणि त्यामुळें पोटाच्या मध्याकडे सरकलेली घोडी, हे त्याचे विशेष. १९२४ च्या अखेरीस लोअरनें नोकरी सोडली. त्याच्या सहीच्या चिठ्या १ जून १९२२ पासून १ डिसेंबर १९२४ पर्यंतच्याच मिळतात. अभ्यासकांनीं अशा सहीचीं दोनशेंहून अधिक एफ-५ वाद्यें नोंदलेलीं आहेत. तीं आज मँडोलिनच्या बाजारांत सर्वोच्च मानलीं जातात.

ह्या सहीचा अर्थ नीट लक्षांत घेतला पाहिजे. चिठी असें म्हणत नाहीं कीं हें वाद्य लोअरनें घडविलें. तबली, पाठ, पट्ट्या व आंतील पोकळी ह्यांची परीक्षा करून अमुक तारखेस वाद्य पसंत केलें, इतकेंच ती म्हणते. घडविणारे हात कारखान्यांतील कारागिरांचे. आपल्याकडील पत्राचा मजकूर कारकुनाच्या हातचा असतो व शेवटीं धन्याचें मोर्तब होतें, तशांतलाच हा प्रकार. मोर्तबावरून अधिकार सिद्ध होतो, हस्ताक्षर सिद्ध होत नाहीं. तारखेचेंहि तसेंच. ९ जुलै १९२३, १८ फेब्रुवारी १९२४, ३१ मार्च १९२४ ह्या एकेका तारखेस अनेक वाद्यांवर सह्या झालेल्या आढळतात. अर्थात् ती तारीख पसंतीची आहे, घडणीची नव्हे.

(४)

आतां अस्सलतेची परीक्षा. नैयायिकांनीं मानलेल्या प्रमाणांपैकीं तीन येथें कामास येतात. चिठी हें शब्दप्रमाण, नाद हें प्रत्यक्ष, आणि वाद्याच्या अंगावरील खुणांवरून जें काढावयाचें तें अनुमान. सामान्य ग्राहक शब्दापासून आरंभ करतो. परीक्षकानें अनुमानापासून आरंभ करावा व शब्द सर्वांत शेवटीं वाचावा, असें माझें मत आहे. चिठी हा वाद्याचा सर्वांत सुटा भाग आहे. ती ओलावून काढतां येते, दुसरीकडे चिकटवितां येते, व छापूनहि घेतां येते. स्ट्रॅडिव्हरीच्या नांवाची चिठी आंत असलेलीं सामान्य प्रतीचीं व्हायोलिनें जगभर किती पसरलेलीं आहेत हें सर्वविश्रुतच आहे. नेपल्सच्या वाद्यांसहि हाच न्याय लागू आहे. तेथें प्रसिद्ध नांवापेक्षां फाळींचे सांधे, तबलीचा वांक व आंतील आडव्या पट्ट्यांची मांडणी ह्यांवर अधिक भिस्त ठेवावी.

अनुमानाचा मुख्य नियम असा: कोणतेंहि वाद्य आपल्या सर्वांत अलीकडील मूळ भागाहून जुनें असूं शकत नाहीं. कागदांतील जलचिन्हाचा उपयोग आपण असाच करतों. गिब्सनच्या वाद्यांवर पेटंटच्या तारखांचे ठसे सांपडतात, ते येथें फार उपयोगीं पडतात. स्क्रूनें उंची कमीजास्त करतां येणाऱ्या घोडीचें पेटंट जानेवारी १९२१ मधील. दांडी वांकूं नये म्हणून तिच्या आंत बसविलेली पोलादी सळई ही थॅडियस मक्ह्यू ह्याची युक्ति; तिचा अर्ज १९२१ चा व पेटंट १९२३ चें. आतां अनुक्रमांकावरून १९१५ च्या सुमाराचें ठरणाऱ्या वाद्याच्या दांडींत अशी सळई निघाली, तर दोहोंपैकीं एक गोष्ट खोटी: एक तर दांडी मागाहून बदलली, नाहीं तर अनुक्रमांकाची चिठी दुसऱ्या वाद्याची आहे.

ह्या नियमांत "मूळ" हा शब्द महत्त्वाचा. घोडी, खुंट्या, तारदान हे सुटे भाग झिजतात व बदलले जातात. त्यांवरून वाद्य अर्वाचीन ठरवूं नये, तसें जुनेंहि ठरवूं नये. भाग मूळचा कीं मागाहून बसविलेला, ह्याची साक्ष खालचें लांकूड देतें. खुंट्यांच्या पट्टीखालीं स्क्रूंच्या भोंकांची दुसरी बुजविलेली रांग निघाली, किंवा रोगणावरील पट्टीची सावली सध्यांच्या पट्टीशीं जुळली नाहीं, तर बदल उघड झाला. खुंट्यांच्या यंत्रांतहि १९२५ च्या सुमारास एक फरक पडला. मळसूत्राची चक्राशीं असलेली जागा उलट झाली. १९२३ ची सही आणि मागाहूनच्या धाटणीचें यंत्र एकत्र दिसल्यास पट्टी काढून पाहिल्याशिवाय मत देऊं नये.

तिसरी साक्ष रोगणाची. लोअरच्या काळांत तांबूस-तपकिरी छटेचें जुन्या पद्धतीचें रोगण वापरीत. १९२५ च्या सुमारास त्याची जागा फवाऱ्यानें मारावयाच्या लॅकरनें घेतली. दोन्ही थर अतिनील प्रकाशाखालीं निरनिराळे झळकतात, व मागाहून लावलेला ठिगळाचा भाग अंधाऱ्या खोलींत चटकन् उठून दिसतो. पोथीच्या पानावर खाडाखोड करून वर हरताळ फिरविलेला दिसतो, तशांतलेंच हें.

चौथी साक्ष लांकडाच्या वार्षिक वलयांची. तबलीच्या स्प्रूस लांकडाचीं वलयें मोजून, ज्ञात कालक्रमाशीं ताडून, शेवटचें वलय कोणत्या वर्षाचें हें कांहीं वेळां सांगतां येतें. ऑक्सफर्ड येथील मसीहा नांवाच्या १७१६ च्या व्हायोलिनविषयीं मोठा वाद माजला, तेव्हां ह्याच पद्धतीनें परीक्षा झाली, व लांकूड त्या सालाशीं विसंगत नाहीं असें ठरलें. परंतु ह्या प्रमाणाची मर्यादा ध्यानांत ठेवावी. झाडाचें वय समजतें, वाद्याचें नव्हे. जुन्या तुळईचें लांकूड घेऊन नवें वाद्य करतां येतें, जसा जुन्या वहींतील कोरा कागद घेऊन बनावट सनद लिहितां येते.

एवढें झाल्यावर शब्दाकडे वळावें. अनुक्रमांक व सहीची तारीख हीं एकमेकांस जुळतात काय, हें नोंदलेल्या वाद्यांच्या मालिकेशीं ताडावें. पत्रांतील तिथि व वार आपण जंत्रीशीं ताडतों, त्यांतलाच हा प्रकार. उदाहरणार्थ, ७३९८७ ह्या क्रमांकाच्या वाद्यावर ९ जुलै १९२३ ही तारीख आहे. ह्याच्या आगेमागेचा क्रमांक घेऊन कोणी दीड वर्षानंतरची सही दाखवूं लागला, तर त्याचा खुलासा त्यानेंच केला पाहिजे. ह्याशिवाय आंतील लांकडावर कारखान्याचा हुकूमक्रमांक पुष्कळदां आढळतो. तो चिठीवर नसून लांकडावरच असतो, म्हणून त्याची साक्ष अधिक वजनाची.

(५)

नादाचा प्रश्न ह्याहून सर्वस्वी निराळा आहे. अस्सलता हा भूतकाळाचा गुण, नाद हा वर्तमानाचा. घोडी चार केसांइतकी सरकली, तारा गंजल्या, पडदे झिजले, किंवा आंतील पट्टी एका टोकास सुटली, कीं उत्कृष्ट वाद्य खर्जांत घोगरें व तारसप्तकांत बेसूर होतें. तेंच वाद्य कुशल कारागिराच्या अर्ध्या दिवसाच्या कामानें पुन्हां बोलूं लागतें. जो गुण एका दुपारीं येतो वा जातो, त्यावरून शंभर वर्षांचा इतिहास ठरविणें युक्त नाहीं.

शिवाय चांगला नाद म्हणजे कोणता, हेंहि प्रयोजनावर अवलंबून आहे. लंबवर्तुळाकार छिद्राच्या वाद्याचा स्वर गोल, मऊ व रेंगाळणारा; एफ-५ चा स्वर कोरडा, धारदार व दूरवर पोंचणारा. नेपल्सच्या वाद्याचा स्वर पातळ व चकाकता. एकाच्या मापानें दुसऱ्यास दोष देणें म्हणजे बासरीस सनईच्या कसाला लावणें होय. परीक्षा करावयाची तर सारख्या घाटाचीं दोन-तीन वाद्यें एकत्र आणावीं, सर्वांस एकाच जातीच्या नव्या तारा लावाव्या, नखी एकच ठेवावी, व वाजविणारास आणि ऐकणारास वाद्य दिसूं देऊं नये. मग चारी जोड्यांचा समतोल पाहावा; वरच्या पडद्यांवर स्वर दबतो काय तें पाहावें; हलका आघात व जोराचा आघात ह्यांत वाद्य किती फरक दाखवितें तें पाहावें; आणि एकदां खोलीच्या दुसऱ्या टोकास जाऊन ऐकावें.

डोळे झांकण्याचा आग्रह कां, ह्याचें उत्तर व्हायोलिनवरील प्रयोगांनीं दिलें आहे. २०१० सालीं अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें एकवीस कसलेल्या वादकांस मंद प्रकाशांत व डोळ्यांवर काळे चष्मे चढवून सहा व्हायोलिनें देण्यांत आलीं. तीन नवीं, तीन जुनीं, त्यांत दोन स्ट्रॅडिव्हरीचीं व एक ग्वार्नेरीचें. जुनें कोणतें व नवें कोणतें हें वादकांस विश्वासार्हपणें ओळखतां आलें नाहीं, आणि पसंतींत नवीं वाद्यें मागें पडलीं नाहींत. १९१२ नव्हे तर २०१२ सालीं, म्हणजे अगदीं अलीकडे, पॅरिसजवळ दहा नामांकित वादकांवर केलेल्या दुसऱ्या प्रयोगाचा निष्कर्षहि ह्याच दिशेचा निघाला. हे प्रयोग मँडोलिनवरील नव्हेत, हें खरें. परंतु "जुनेपण कानास कळतें" हा दावा जेथें सर्वांत बळकट समजला जाई तेथेंच तो टिकला नाहीं, हें विसरतां येत नाहीं.

अस्सलता व नाद ह्यांचा प्रत्यक्ष विरोधहि कधीं कधीं उभा राहतो. लोअरच्या काळच्या कांहीं वाद्यांत तबलीच्या खालीं व्हर्झी बंधूंनीं योजिलेली एक पातळ लांकडी चकती बसविलेली असते. तिनें स्वर मुलायम होतो असें कांहीं म्हणतात; तिनें आवाज कोंडतो असें दुसरे म्हणतात. दुसऱ्या पक्षाच्या वादकांनीं पुष्कळ वाद्यांतून ती काढून टाकविली. वादकाच्या दृष्टीनें ही सुधारणा. संशोधकाच्या दृष्टीनें पाठांतील मूळ शब्द खोडून आपल्यास रुचेल तो घालणें. काढलेली चकती जपून ठेवलेली असेल तर निदान पाठभेद नोंदला गेला असें म्हणतां येईल. ती फेंकून दिली असेल तर मूळ पाठ कायमचा गेला.

(६)

राहतां राहिलें मोल. तें नादावरून ठरत नाहीं ह्याचा पुरावा गिब्सनच्याच कारखान्यांत आहे. लोअर निघून गेल्यावर त्याच्या काळीं तयार होऊन पडलेल्या सामग्रीचीं एफ-५ वाद्यें पुढेंहि बाहेर पडलीं. लांकूड तेंच, कारागीर तेच, घाट तोच. फक्त सहीची चिठी नाहीं. सहीच्या वाद्यास आज एक लक्ष डॉलरांहूनहि अधिक किंमत येते. बिनसहीच्यास ठळकपणें कमी. मधला फरक एका कागदाच्या कपट्याचा आहे. तो कपटा किती मोहाचा विषय असेल, व म्हणूनच त्यावर शेवटीं विश्वास ठेवावा असें वर कां म्हटलें, तें ह्यावरून ध्यानांत येईल.

मोल अखंडपणावरूनहि नेहमींच ठरत नाहीं. वर उल्लेखिलेलें ७३९८७ क्रमांकाचें वाद्य ब्लूग्रास संगीताचा प्रवर्तक बिल मन्रो (१९११–१९९६) ह्याचें. मायामी येथील एका न्हाव्याच्या दुकानांत तें त्यानें दीडशें डॉलरांस घेतलें. पुढें कारखान्यांत दुरुस्तीस पाठविलेलें वाद्य मनाजोगें होऊन आलें नाहीं, तेव्हां त्यानें रागानें माथ्यावरचें कारखान्याचें नांव चाकूनें खरवडून काढलें. १९८५ सालीं कोणी घरांत शिरून तें वाद्य शेकोटीच्या लोखंडी सळईनें फोडलें. त्याचे शेंकडों तुकडे जुळवून तें पुन्हां उभें करण्यांत आलें, आणि आज तें नॅशव्हिल येथील कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम ह्या संग्रहालयांत आहे. दुसऱ्या कोणत्याहि वाद्याची किंमत अशा आघातांनीं निम्म्याखालीं गेली असती. येथें प्रत्येक जखमेचा इतिहास नोंदलेला असल्यामुळें ती जखमच प्रमाण होऊन बसली. मालकीची अखंड परंपरा, म्हणजे वाद्य कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेलें ह्याचा पुरावा, हें मोलाचें निराळेंच अंग आहे. तें वाद्यांत नसून वाद्याबरोबरच्या कागदांत असतें. म्हणून पावत्या, पत्रें, छायाचित्रें व जुनी पेटी हीं वाद्याइतकींच जपावीं.

मोलावर कायद्याचीहि छाया पडते. नेपल्सच्या जुन्या वाद्यांत नखीच्या ओरखड्यांपासून तबली वांचविण्यासाठीं बसविलेली पट्टी पुष्कळदां कांसवाच्या कवचाची असते. दुर्मिळ प्राणी व वनस्पति ह्यांच्या व्यापाराविषयींचा आंतरराष्ट्रीय करार १९७५ सालीं अंमलांत आला, व ब्राझिलचें रोझवुड १९९२ सालीं त्याच्या कडक यादींत गेलें. परवान्याशिवाय अशीं वाद्यें सरहद्दीपार नेतां येत नाहींत. हेतु स्तुत्य, परंतु त्यापायीं मूळ पट्टी उपटून सेल्युलॉइडची लावण्याचा मोह विक्रेत्यास होतो, आणि अस्सलतेचा एक दुवा नाहींसा होतो.

(७)

सारांश असा. अस्सलतेचा निर्णय लांकूड, सांधे, रोगण व भोंकें ह्यांवरून करावा, आणि चिठी त्या निर्णयाशीं ताडून पाहावी; उलट करूं नये. नादाचा निर्णय डोळे झांकून, समान सामग्रीनें, प्रयोजन ठरवून करावा, व त्यावरून वयाचें अनुमान काढूं नये. मोल हा बाजाराचा निवाडा आहे. त्याची नोंद घ्यावी, पण पहिल्या दोन प्रश्नांचें उत्तर म्हणून तो स्वीकारूं नये.

ह्या विवेकाची निकड वाटते ती दुरुस्तीमुळें. पोथीचा अर्थ चुकीचा लावला तर पुढचा अभ्यासक पोथी उघडून तो सुधारूं शकतो. पोथीचीं पानेंच कातरून सारखीं केलीं तर त्याचा उपाय खुंटला. जुनें मँडोलिन हातीं येतांच त्यास घांसून नवें रोगण चढविणारा मालक, बहुधा प्रेमापोटींच, हेंच करतो. म्हणून ज्यांच्या घरीं असें वाद्य असेल त्यांस एवढीच विनंति: प्रथम तारा सैल कराव्या, परंतु घोडीची जागा टिपून ठेवल्याखेरीज त्या उतरूं नयेत. आंतील चिठी पुसूं नये. सर्व बाजूंनीं, छिद्रांतून आंतल्या बाजूनेंहि, छायाचित्रें घ्यावीं. सांधा सुटला असेल तर तो सरसानेंच जोडवावा. कारण सरस ऊब व ओल देऊन पुन्हां सोडवितां येतो, हल्लींचे चिकट द्राव तसे सोडवितां येत नाहींत. बदललेला प्रत्येक भाग, मग तो मोडका कां असेना, कागदांत बांधून, तारीख घालून पेटींत ठेवावा. नाद कसा आहे हें पुढच्या पिढीचा कान त्याच्या काळीं ठरवील, आणि मोल त्याच्या काळचा बाजार. अस्सलतेचा पुरावा मात्र आज हातांत आहे तेवढाच आहे.